मानसोपचार : खर्च आणि शंका

मनाने खचलेल्या माणसाला उपचारासाठी न्यावयाचे म्हटले की घरच्यांपुढे दोन प्रश्न उभे राहतात : खर्च किती येईल, आणि लोक काय म्हणतील? या संकोचात बहुमोल काळ वाया जातो.

दिनांक २९ मे २०१८ पासून अंमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालील व निराधार व्यक्तींना ते विनामूल्य मिळतात. दारिद्र्यरेषेचे कार्ड जवळ नसले तरीही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. गोव्यात बांबोळी येथे शासकीय मनोविकार रुग्णालय आहे.

औषधे मनोविकारतज्ज्ञ लिहून देतात; मानसशास्त्रज्ञ संवादातून उपचार करतात. खाजगी ठिकाणी शुल्क बहुधा प्रत्येक बैठकीस आकारले जाते. म्हणून बैठकीचे शुल्क किती, बैठका अंदाजे किती, आणि ठरलेली बैठक चुकल्यास पैसे भरावे लागतील काय, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. बसभाडे व बुडणारी मजुरीही हिशेबात धरावी.

प्रवास शक्य नसल्यास २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र निःशुल्क सल्ला मिळतो. विचारण्यात कमीपणा नाही. विलंबात मात्र हानी आहे.