वैद्यनाथाच्या गावात बगवर जालीम इलाज!

एका टेक्स्ट एडिटरच्या पोटात चक्क डॉक्टर बसलाय, माहीत आहे का?

एडिटरचं नाव ईमॅक्स. ऑल्ट आणि एक्स दाबा, ‘डॉक्टर’ टाईप करा, की मानसोपचारतज्ज्ञ हजर! तुम्ही दुखणं सांगायचं, त्याने उलटा प्रश्न विचारायचा. हा 1966 मधल्या ‘एलायझा’ या गप्पिष्ट प्रोग्रॅमचा वारसदार. स्वतःच्या एडिटरचे आजार मात्र त्याला बरे करता येत नाहीत. ते काम आपलं. आणि इलाजाच्या गप्पा परळी वैजनाथमध्ये नाही मारायच्या, तर कुठे?

वय ऐका! ईमॅक्स पहिल्यांदा अवतरला 1976 मध्ये, अमेरिकेतल्या एमआयटीत. आज चालतो तो जीएनयू ईमॅक्स 1985 चा, म्हणजे विंडोजच्या पहिल्या आवृत्तीपेक्षा काही महिन्यांनी थोरला.

हा एडिटर प्रोग्रॅमेबल आहे. कुठली कळ दाबल्यावर काय व्हावं, हे लिस्प भाषेत लिहून तुम्हीच ठरवा. म्हणून तर त्यात टेट्रिससुद्धा खेळता येतो! आणि म्हणूनच काही बिघडलं की पहिला सवाल हाच: बग त्यांचा, की आपलाच?

उत्तर एका अक्षरात मिळतं. कॅपिटल क्यू! ‘ईमॅक्स’ या कमांडपुढे डॅश आणि कॅपिटल क्यू लावा, की एडिटर तुमची एकही सेटिंग न वाचता कोरा उघडतो. बग गायब? मग गडबड तुमच्या सेटिंगच्या फाईलमध्ये. 2013 च्या दुष्काळात परळीच्या औष्णिक वीज केंद्रातली निर्मिती थांबली, ती संच बिघडले म्हणून नव्हे, पाणी नव्हतं म्हणून. इथेही आधी तेच बघायचं: यंत्र बिघडलंय, की त्याला जे पुरवलं ते?

सेटिंगची फाईल हजार ओळींची असेल तर? नो टेन्शन! अर्धी फाईल बंद करा. बग राहिला तर तो उरलेल्या अर्ध्यात. पुन्हा अर्धी, पुन्हा अर्धी. दोनाचा दहावा घात 1024, म्हणजे हजार ओळींतली एक खोडकर ओळ साधारण दहा फेऱ्यांत तावडीत.

आता खास आपल्या लिपीचा मसाला!

‘परळी वैजनाथ’ या नावात अक्षरं किती? मधली मोकळी जागा धरून डोळ्यांना दिसतात 8. कॉम्प्युटर मोजतो 11, कारण त्याच्या हिशेबात ळ वेगळा आणि त्याची वेलांटी वेगळी. यूटीएफ-8 मध्ये फाईल सेव्ह केली की हेच नाव होतं 31 बाईट्सचं. एक नाव, तीन लांब्या! कर्सर अक्षराच्या मधोमध अडखळतो, बॅकस्पेस मारल्यावर नुसती मात्राच उडते, त्याचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं.

जुळ्यांचा सिनेमा आवडतो? मग ‘ॲप’ हा शब्द बघा. यातला ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून 2008 साली आला, आवृत्ती 5.1 मध्ये. त्याआधीपासून लोक अ टाईप करून त्यावर चंद्र ठेवत होते, आजही ठेवतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आत मात्र एक आहे 3 बाईट्सचा, दुसरा 6 चा, आणि युनिकोडच्या नियमात दोघांचं नातंच लावलेलं नाही. एक प्रकार शोधायला जा, दुसरा सापडायचा नाही. संशय आला की कर्सर त्या अक्षरावर ठेवा, कंट्रोल-यू, मग कंट्रोल-एक्स, मग बरोबरचं चिन्ह दाबा. ईमॅक्स अक्षराची कुंडलीच मांडतो: नाव, नंबर, फॉन्ट, सगळं.

आणि र ची तऱ्हा? बालाघाटच्या ‘दऱ्या’ लिहायला गेलात आणि र ने नेहमीचा रफार घेतला, तर होतो ‘दर्या’. डोंगर गेला, समुद्र आला! मराठीचा हा आडवा र कॉम्प्युटरला दोन वेगवेगळ्या रीतींनी सांगता येतो, आणि एखादा फॉन्ट किंवा प्रोग्रॅम त्यातली एकच रीत नीट पाळतो. आपल्याला जे झटक्यात खटकतं, ते बोस्टनच्या किंवा बर्लिनच्या प्रोग्रॅमरला वर्षभर समोर ठेवलं तरी दिसणार नाही. म्हणून असे बग आपणच कळवायला हवेत, अगदी हक्काने!

एका जोडाक्षराने आयफोन झोपवले होते, माहीत आहे का? फेब्रुवारी 2018. एका तेलुगू जोडाक्षराचा मेसेज आला की ॲप धाडकन बंद. जगभर बातमी झाली. आयआयटी मुंबईत शिकलेल्या मनीष गोरेगावकर यांनी मग अक्षरांचे साचे एकेक करून तपासले आणि दाखवून दिलं की रोग एकट्या तेलुगूचा नाही. बंगाली आणि आपल्या देवनागरीतल्याही काही ठरावीक जोडण्या तोच दणका देतात. ‘तेलुगू लिहिलं की फोन बंद पडतो’ इतक्यावर थांबले असते, तर निम्मी गोष्ट हातातून निसटली असती.

बग कळवायचा कसा? त्यासाठीही कमांड आहे: ‘रिपोर्ट-ईमॅक्स-बग’. ती स्वतःच आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम, चालू असलेले मोड असा सगळा तपशील भरून देते. नोंद झाली की त्या बगला स्वतःचा नंबर मिळतो आणि स्वतःचा ईमेल पत्तासुद्धा! कंट्रोल-एच आणि एल दाबलंत तर तुम्ही दाबलेल्या शेवटच्या 300 कळाही हजर. पाठवण्याआधी त्या एकदा वाचा हं, त्यात पासवर्ड नको!

ईमॅक्सच्या मॅन्युअलमध्ये बग कसा सांगावा याचं एक झकास उदाहरण आहे. समजा, तुम्ही एक मोठी फाईल उघडली आणि एडिटर भलतंच वाक्य बरळला. तुम्ही कळवता, ‘मोठी फाईल उघडली की असं होतं.’ इथेच फसगत! खरं कारण फाईलच्या नावातला ‘झेड’ असू शकतो. दुरुस्त करणारा दुसरीच कुठलीतरी मोठी फाईल उघडणार, तिच्या नावात झेड नसणार, आणि त्याला बग दिसणारच नाही. तर्क नको, घडलं ते सांगा. एखादी गोष्ट सांगावी की गाळावी असा प्रश्न पडला, तर बिनधास्त सांगा.

म्हणजे ‘मराठी नीट येत नाही’ असं नाही, तर असं: ‘कॅपिटल क्यू लावून एडिटर उघडला. इनपुट मेथड देवनागरी-इन्स्क्रिप्ट. या क्रमाने या कळा दाबल्या. दऱ्या दिसायला हवं होतं, दर्या दिसलं. फॉन्ट हा. दुसऱ्या फॉन्टमध्ये बरोबर दिसतं.’ बस्स! पाच-सहा छोटी वाक्यं, आणि जगात कुणीही हा बग स्वतःच्या पडद्यावर उभा करू शकतो.

रिपोर्ट लिहितानाच लाईट गेली? घाबरू नका. ईमॅक्स दर 300 कळांनंतर किंवा तुम्ही 30 सेकंद थांबलात की फाईलची एक प्रत गुपचूप बाजूला ठेवतो. लाईट आली की ‘रिकव्हर-सेशन’ म्हणा.

बग शोधून पैसे मिळतात का? डोनाल्ड नुथ द्यायचे! छपाईसाठीचा ‘टेक’ हा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला. त्यांच्या पुस्तकातली चूक दाखवली की चेक 2 डॉलर 56 सेंटचा, कारण 256 सेंट म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीतला एक डॉलर. अनेकांनी तो वटवलाच नाही, फ्रेम केला!

आणि आता बोनस. जुलै 2023 मध्ये ईमॅक्स 29 आला आणि सोबत आली मोडी! मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली 2014 साली, आता ती थेट एडिटरमध्ये टाईप करता येते. कंट्रोल-एच दाबून पुन्हा नुसता एच दाबा. जगभरच्या भाषांतले नमस्कार ओळीने दिसतील, त्यात मोडीतलाही सापडेल. त्या जागी रिकामे चौकोन दिसले तर तो बग नव्हे, फॉन्ट नाही एवढंच. नोटो सॅन्स मोडी फुकट मिळतो, तो टाका आणि एडिटर पुन्हा उघडा. तरीही चौकोनच? मग कमांड ठाऊक आहेच, द्या ठोकून रिपोर्ट!