मॅनेजरचा अंदाज आणि सॉफ्टवेअरची नोंद

पुढच्या महिन्यात अमुक मालाला मागणी किती, हे अनेक कंपन्यांत सॉफ्टवेअर सांगतं. आकडा पडद्यावर आला, की मॅनेजर त्यावर हात फिरवतो. १,२०० चे १,२३० करतो. का, तर अनुभवाने तसं वाटतं म्हणून. या वाटण्याला किंमत किती, हे तपासता येतं. लँकेस्टर विद्यापीठाचे रॉबर्ट फिल्ड्स आणि सहकाऱ्यांनी चार कंपन्यांतले साठ हजारांहून जास्त अंदाज प्रत्यक्ष मागणीशी ताडून २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. मोठ्या बदलांनी अंदाज बहुधा सुधारला होता, किरकोळ बदलांनी बहुधा बिघडवला होता. आकडा खाली आणणारे बदल वर नेणाऱ्या बदलांपेक्षा कितीतरी उपयोगी ठरले. वाढवताना आशा आड येते. मोठा बदल करायला सहसा ठोस कारण लागतं. मोठं गिऱ्हाईक तुटल्याची खबर मॅनेजरला आधी लागते, सॉफ्टवेअरला नाही. म्हणून निर्णय यंत्रावर सोपवून मोकळं व्हावं, हे मला पटत नाही.

पण प्रत्येक अंदाजाला मान तुकवणंही चुकीचंच. डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन हे एरवी परस्परविरोधी मतांचे मानसशास्त्रज्ञ. २००९ मध्येच दोघांनी मिळून लिहिलं, की अनुभवी माणसाच्या अंदाजावर विसंबायचं तर दोन गोष्टी हव्यात: परिस्थितीत काही नियमितपणा आणि आपला अंदाज बरोबर आला की चुकला, हे वेळेवर कळण्याची सोय. बाजार नियमित करणं सॉफ्टवेअरच्या हातात नाही. दुसरी गोष्ट मात्र पुरती त्याच्या हातात आहे. त्याने स्वतःचा आकडा दाखवण्याआधी मॅनेजरचा विचारून घ्यावा, कारण एकदा आकडा दिसला की मन त्याच्याभोवतीच घुटमळतं. आणि महिनाअखेरीला दोन्ही आकडे खऱ्या मागणीशेजारी मांडावेत.

मनातलं सगळं शब्दांत कुठे सांगता येतं, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. क्लाइन यांनी अभ्यासलेल्या अग्निशमन अधिकाऱ्यांनाही आपण तसंच का केलं, हे पुष्कळदा सांगता येत नसे. म्हणून आकड्यासोबत कारण देण्याची सक्ती नको. आकडा आणि खात्री किती, एवढी नोंद पुरे. ही नोंद बढतीच्या वेळी अंगावर येईल, या भीतीने सगळे सावध आकडेच लिहितील, हा आक्षेप अधिक गंभीर. त्यामुळे प्रत्येकाची नोंद त्याची त्यालाच दिसावी, वरिष्ठांना फक्त विभागाची सरासरी. दुसरी कंपनी विकत घेण्यासारखा निर्णय मात्र क्वचितच येतो, तिथे अशा नोंदींतून फारसं हाती लागत नाही. त्यासाठी क्लाइन यांचीच पद्धत आहे: बेत फसलाच आहे असं धरून प्रत्येकाने त्याची कारणं लिहायची. ती नाव न लावता गोळा करण्याचं काम सॉफ्टवेअर चोख करील, म्हणजे कनिष्ठाची शंका साहेबांच्या मताखाली दबणार नाही.