प्लॅस्टिकमधले पितळी आटे

प्लॅस्टिकच्या कवचात थेट पिळलेला स्क्रू पहिल्यांदा घट्ट बसतो. दुरुस्तीसाठी तो चार-पाच वेळा काढला-घातला की प्लॅस्टिकमधले आटे झिजतात आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. चालू यंत्र केवळ झाकण लागत नाही म्हणून भंगारात जावं, हे मला पटत नाही. म्हणूनच पितळी इन्सर्टचं मला अप्रूप वाटतं.

इन्सर्ट म्हणजे आतून आटे पाडलेली छोटी पितळी नळी. बाहेरून तिच्यावर नर्लिंगचे तिरके दाते असतात, बहुधा दोन पट्ट्यांत: एकीतले डावीकडे झुकलेले, दुसरीतले उजवीकडे. त्यामुळे स्क्रू आवळताना किंवा सोडताना नळी जागची फिरत नाही. मधल्या खाचेत शिरून थिजलेलं प्लॅस्टिक तिला उपसून येऊ देत नाही. गोंद लागतच नाही. असे इन्सर्ट बनवणारे कितीतरी छोटे कारखाने गुजरातेत जामनगरला आहेत.

नळीसाठी भोक साच्यातच ठेवलेलं असतं. ते नळीपेक्षा किंचित अरुंद आणि जरा जास्त खोल हवं; सरकलेल्या प्लॅस्टिकला तळाशी जागा मिळते. तापलेली टीप नळीवर टेकते, पितळ उष्णता चटकन पुढे नेतं, भोवतीचं प्लॅस्टिक मऊ पडतं आणि हलक्या दाबाने नळी आत उतरते. एबीएस साधारण १०५ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतं, पॉलिकार्बोनेट १४७च्या आसपास. घाईने दाबलं तर प्लॅस्टिक वितळण्याऐवजी खरवडलं जातं आणि दात्यांना धरायला काही उरत नाही. पण खरी पकड येते ती थंड होताना. तेवढ्यात नळी कलली, तर स्क्रू कायमचा तिरपाच जाणार.

१९०७ साली लिओ बेकलंड यांनी शोधलेल्या बेकेलाइटमध्ये असं काही करता येत नाही. ते एकदा घट्ट झालं की तापवूनही मऊ होत नाही. त्यात पितळ बसवायचं तर ते बहुधा साच्यातच आधी ठेवतात.

तापवून इन्सर्ट बसवण्याच्या पद्धतीचं भावंड म्हणजे हीट स्टेकिंग. धातूच्या पट्टीतल्या भोकातून प्लॅस्टिकची खुंटी वर काढायची आणि तापवून तिचं डोकं रिव्हेटसारखं चेपायचं. मोटारीच्या दारांच्या आतल्या पॅनेलांत हे सर्रास दिसतं. स्क्रू वाचतो, वजन वाचतं. मात्र उघडायचं तर डोकं कापावं लागतं, आणि खुंटी पुन्हा वापरता येत नाही. जे कधीच उघडायचं नाही तिथे हे ठीक; बॅटरी बदलावी लागणाऱ्या वस्तूत मी इन्सर्टचाच आग्रह धरीन.