फोन आपला, बोटही आपलेच!

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. माझ्या थोरल्या नणंदबाई आणि मी एका जंक्शनवर गाडीची वाट पाहत बसलो होतो. गाडी दोन तास लेट! वन्संची लेक बाळंत झाल्याची बातमी जावयांनी नुकतीच फोनवर दिली होती. "आई, नातू झाला. फोटो पाठवलाय, बघा!" आणि इकडे वन्संच्या फोनमधला नेटचा पॅक नेमका त्याच दिवशी संपलेला. माझ्या फोनच्या बॅटरीने तर सकाळीच मान टाकली होती. नातवाचा पहिला फोटो समोर असून दिसत नव्हता. वन्संचा जीव नुसता खालीवर होत होता.

शेजारच्या बाकावर कॉलेजातला एक मुलगा बसला होता. वन्संनी सरळ फोन त्याच्या हाती दिला. "बाळा, इथलं फुकटचं नेट तेवढं लावून दे रे!"

मुलगा भला होता. त्याने नंबर विचारला, दोनचार ठिकाणी बोट फिरवले आणि फोन परत केला. "त्यात काही नसतं हो आजी. नंबर द्यायचा, कोड येतो, तो द्यायचा, की झालं काम!"

फोटो उघडला. दुपट्यात गुंडाळलेले ते इवलेसे तोंड पाहून आम्ही दोघीही रडलो. आजूबाजूच्या चारजणींना चिक्की वाटली. सगळे कसे छान झाले, नाही का?

पण मैत्रिणींनो, गोष्ट इथेच संपली नाही. महिन्याभराने वन्संना एक फोन आला. "तुमचं सिमकार्ड बंद पडणार आहे. आत्ता एक कोड येईल, तो द्या, म्हणजे चालू राहील." वन्संना त्या मुलाचे वाक्य आठवले. कोड येतो, तो द्यायचा, की झालं काम. त्यांनी दिला. बँकेतले १८,००० रुपये गेले. आणि लाजेने त्यांनी दोन दिवस घरात कुणाला सांगितले नाही.

चूक त्या मुलाची मुळीच नव्हती. चूक आमची. कोड कुठला, कशासाठी आणि कुणाला द्यायचा, हे आम्ही विचारलेच नाही. फोन दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळ्या झालो! म्हणून मग आम्ही दोघींनी भाच्याला समोर बसवून हे सगळे नीट शिकून घेतले. तेच आज तुम्हाला सांगते आहे.

हे वाय-फाय म्हणजे काय?

घाबरायचे कारण नाही. आपल्या रेडिओसारखेच आहे हे. फलाटाच्या छताजवळ एक लहानसा डबा बसवलेला असतो. त्याच्यामागे इंटरनेटची तार येते आणि तारेतून आलेले तो लहरींनी आपल्या फोनपर्यंत पोचवतो. या लहरी काही दशक मीटर गेल्या की क्षीण होतात, मध्ये भिंत आली तर आणखीच. म्हणून फलाटाच्या पार टोकाला बसून नेट लागत नसेल, तर वेटिंग रूमकडे चार पावले टाकून पाहावे.

आपल्याकडे रेल्वे स्टेशनांवर हे मोफत नेट सुरू झाले ते जानेवारी २०१६ मध्ये, आणि पहिला मान मिळाला मुंबई सेंट्रलला. रेल्वेची रेलटेल ही कंपनी आणि गूगल यांनी मिळून ते सुरू केले. २०२० मध्ये गूगलने अंग काढून घेतले, पण रेलटेलने काम चालू ठेवले. आज देशातल्या ६,००० हून अधिक स्टेशनांवर ते पोचले आहे. त्याचे नाव 'रेलवायर'. २०२१ मध्ये त्याचे पैसे भरून घ्यायचे पॅकही आले. पण रोजचा पहिला अर्धा तास मोफत ठेवला. फोटो पाहायला, निरोप धाडायला अर्धा तास पुष्कळ झाला!

मग कोड कशासाठी?

तुम्ही म्हणाल, फुकटच द्यायचे तर ही चौकशी कशाला? त्यालाही कारण आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्या वेळचा धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या वाय-फायवरून पाठवला गेला होता. घरच्यांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांचे वाय-फाय उघडे होते, एवढेच. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार खात्याने नियम कडक केले. सार्वजनिक नेट कोण वापरते, याची नोंद हवी. आपल्या नंबरावर कोड येतो तो एवढ्याचसाठी, की हा नंबर खरोखर आपल्याच हातात आहे हे त्यांना कळावे. (आपल्या घरच्या वाय-फायलाही पासवर्ड का हवा, हे यावरून ध्यानात आलेच असेल!)

आता कृती

पाककृतीसारखीच पायरी पायरीने करू या. अगदी सोपी आहे.

१. पहिल्यांदा मोबाइल डेटा बंद करा. तो चालू असला की फोन पुन्हा पुन्हा तिकडेच धावतो आणि आपली फजिती होते.

२. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन वाय-फाय चालू करा. आसपासच्या नेटची नावे खाली एकाखाली एक दिसतील. स्टेशनावरच्या फलकावर जे नाव लिहिले असेल, त्याच नावावर बोट ठेवा.

३. नाव जोडले गेले तरी एवढ्याने व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. पुष्कळजणी इथेच अडतात आणि "लागतच नाही मेलं!" म्हणून सोडून देतात. नोंदणीचे पान उघडायचे राहिलेले असते. ते आपोआप वर येते. न आले तर ब्राउझर उघडून कुठलाही पत्ता टाका, म्हणजे बहुधा तेच पान समोर येते.

४. त्या पानावर आपला मोबाइल नंबर टाका. मेसेज यायला थोडा वेळ लागतो, धीर धरा. फोनला रेंजच नसेल तर मेसेज येणार नाही. पुलाखालून जरा उघड्यावर या. दोन सिम असतील तर ज्याचा नंबर दिला त्याच सिमची रेंज पाहा.

५. मेसेज पूर्ण वाचा आणि मगच त्यातला कोड पानावर टाका. झाले! आता फोटो बघा, निरोप पाठवा.

६. काम संपले की सेटिंगमध्ये जाऊन ते नाव 'फरगेट' करा, म्हणजे फोनला विसरायला लावा. नाहीतर पुढच्या वेळी तुम्ही न सांगताच फोन त्या नावाला जाऊन चिकटतो.

परदेशातून लेक-जावई येणार असतील तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. परदेशी नंबरावर हा कोड बहुधा येत नाही. आपल्याकडचे सिम घेईपर्यंत त्यांची अडचण होते.

एवढे मात्र जपा

वाय-फायला नाव कुणीही कुठलेही देऊ शकतो. उद्या मी माझ्या फोनचे नेट 'स्टेशन फ्री' या नावाने चालू केले, तर तुमच्या यादीत तेही दिसेल! बाजारात डब्यावर 'शुद्ध तूप' लिहिले म्हणून आपण डोळे मिटून घेतो का? झाकण उघडून वास घेतोच ना? तसेच इथे करावे. फलक पाहावा, नाहीतर स्टेशनावरच्या कर्मचाऱ्याला विचारावे.

मोफत नेटच्या पानाला आपला नंबर आणि कोड पुरतो. कुठे नाव किंवा ई-मेलही विचारतात. पण ते एटीएमचा पिन किंवा कार्डाचा नंबर मागू लागले, की समजावे काहीतरी काळेबेरे आहे. तिथल्या तिथे बंद करावे. बँकेची कामे, पैसे पाठवणे वगैरे घरी आल्यावर किंवा स्वतःच्या मोबाइल डेटावर करावे. आणि ब्राउझर 'सुरक्षित नाही' असे सांगत असेल, तर त्या पानावर पासवर्ड टाकू नये.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचे. कोड दोन तऱ्हेचे असतात. एक आपण मागितलेला आणि दुसरा आपण न मागता आलेला. मी स्वतः नंबर टाकला, म्हणून कोड आला, तर तो मी माझ्याच बोटाने, त्याच पानावर टाकायचा. न मागता आलेला कोड कुणालाही द्यायचा नाही. फोनवर तर कुठलाच कोड कधी बोलून दाखवायचा नाही. समोरचा कितीही गोड बोलो, कितीही भीती घालो! वन्संच्या त्या मेसेजमध्ये हा कोड पैसे काढण्यासाठी आहे, असे लिहिलेलेच होते. त्यांनी आकडे तेवढे वाचले, ओळ वाचलीच नाही.

तरीही फसगत झालीच, तर लाजू नका. त्याच क्षणी १९३० या नंबरावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवावे तितकी पैसे वाटेतच थांबवण्याची आशा जास्त. वन्संचे ते दोन दिवसच त्यांना महाग पडले.

मैत्रिणींनो, हे शिकून घ्यायला आत्ताच बरी वेळ आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात किराणा दुकानदार, चहावाला, कुणीही आपल्या दुकानातून वाय-फाय देऊ शकतो, परवाना लागत नाही. आठवतात ना कोपऱ्याकोपऱ्यावरचे ते पिवळे एसटीडी बूथ? तसेच काहीसे. म्हणजे हा प्रसंग आता स्टेशनापुरता राहणार नाही.

यंदा दिवाळीला वन्सं आणि मी पुन्हा त्याच जंक्शनवर होतो. गाडी पुन्हा लेट. वन्संनी पिशवीतून चष्मा काढला, फलक पाहिला आणि मला हात लावू न देता स्वतः नेट जोडले. नातू आता चालायला लागला होता, त्याला पडद्यावर पाहत बसल्या. तेवढ्यात बाजूच्या बाईंनी आपला फोन त्यांच्यापुढे धरला. "अहो ताई, माझंही तेवढं लावून देता का?"

वन्संनी फोन हातात घेतला नाही. सरकून त्यांच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "मी सांगते तसं करत चला. पण बोट तुमचंच चालवा हं!"