अंगणातली बिडी आणि घरातले लेकरू

‘बिडी मी अंगणातच ओढतो, मग घरातल्या लेकराला काय होणार?’ हा सवाल बीडकडच्या कुठल्याही पारावर ऐकू येईल. अंगणात ओढणे घरात ओढण्यापेक्षा बरेच. पण तेवढ्याने भागत नाही. धुरातले निकोटिन सदऱ्याला, गोधडीला, भिंतीला चिकटते आणि रिकाम्या डब्यातल्या हिंगाच्या वासासारखे मुक्काम ठोकते. हिंग निदान हिंगच राहतो, निकोटिन मात्र रूप पालटते. २०१० मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत मोहम्मद स्लेमान आणि सहकाऱ्यांनी तंबाखूचा धूर बसलेला सेल्युलोज नायट्रस आम्लाच्या वाफेत ठेवला. तीन तासांत त्यावरची नायट्रोसामाइन्स, म्हणजे तंबाखूतली कर्करोगाशी जोडलेली द्रव्ये, दहापटीहून अधिक झाली. त्यातले मुख्य, एनएनए, ताज्या धुरात नसतेच. सोबतचे एनएनके माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मोडते. नायट्रस आम्ल गॅसच्या शेगडीतून येते, तसेच चुलीतूनही. ऊसतोडीच्या फडावर पाचटाच्या कोपीत चूल, अंथरूण आणि रांगते मूल किती जवळ असतात, हे बीडकरांना सांगायला नको.

झाडून-पुसून घेतले की झाले, असे कोणी म्हणेल. सॅन दिएगोच्या जॉर्ज मॅट यांनी २०११ मध्ये धूम्रपान करणाऱ्यांनी सोडलेली घरे तपासली. साफसफाई होऊन, घर दोन-दोन महिने रिकामे राहूनही निकोटिन धुळीत होते आणि न ओढणाऱ्या नव्या भाडेकरूंच्या बोटांवरही उतरले होते. ‘पण मात्रा ती केवढी?’ हा आक्षेप अधिक वजनदार आहे. कर्करोगाचा थेट पुरावा अजून उंदरांपुरताच आहे. त्यामुळे घाबरवणाऱ्या मथळ्यांवर भिस्त ठेवू नये. तरीही मॅट यांच्याच २००४ च्या अभ्यासात, आईवडील बाहेर जाऊन ओढत असलेल्या घरांतल्या तान्ह्यांच्या लघवीत निकोटिनची खूण कोणीच न ओढणाऱ्या घरांतल्या बाळांपेक्षा कितीतरी जास्त सापडली. जमिनीवर रांगून तोच हात तोंडात घालणाऱ्याला मोठ्यांचे माप लावता येत नाही.

‘आमच्याकडे ओढतात किती? सगळे खाणारेच!’ हेही खरे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार प्रौढांत जवळपास एक जण तंबाखू तोंडात धरणारा होता, ओढणारे शंभरात चारेक. पण मिश्री तव्यावर भाजताना स्वयंपाकघरात कोंडतो तो धूर तंबाखूचाच. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एस. व्ही. भिडे यांच्या गटाने १९८० च्या दशकातच मिश्रीतली कर्करोगकारक द्रव्ये तपासली होती. परदेशी प्रयोगांच्या गाजावाजात हे काम मागे पडले. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचा कायदा घराच्या उंबरठ्याशी थांबतो. तेव्हा बाळंतिणीच्या घरी जाणाऱ्या आशाताईंनी बिडीबरोबर मिश्रीच्या तव्याचीही चौकशी करावी, आणि तंबाखू सोडायला मदत कुठे मिळते तेही सांगावे.