हसवता हसवता तक्रार मांडणारे जसपाल भट्टी

डाळीचा भाव वाढला की आपण काय करतो? आधी दुकानदाराशी घासाघीस, मग घरी येऊन आमटीत जास्तीचं पाणी. चंडीगडला २००९ साली एका कलाकाराने वेगळाच उपाय केला. तिथल्या एका मेळ्यात त्यांनी स्टॉल मांडला. आपल्या जत्रेत साबण, कंगवा यांवर रिंग टाकायचा खेळ असतो ना, तसाच. फक्त बक्षीस म्हणून ठेवली होती भाजी, डाळ आणि तेल! रिंग बरोबर पडली की डाळ तुमची. महागाईवर भाषण करायची गरजच उरली नाही.

हे कलाकार म्हणजे जसपाल भट्टी. जन्म ३ मार्च १९५५ चा, अमृतसरचा. डोक्याला पगडी बांधणारे सरदारजी. चंडीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजात ते शिकले, विजेचे इंजिनिअर झाले. पण मन रमलं पथनाट्यात. त्यांच्या मंडळाचं नाव ‘नॉनसेन्स क्लब’, म्हणजे वायफळ बडबड करणाऱ्यांची मंडळी. नाव असलं, तरी विषय मात्र लाच आणि भ्रष्टाचाराचे. पुढे ‘ट्रिब्यून’ वर्तमानपत्रात त्यांनी व्यंगचित्रं काढली आणि मग दूरदर्शनवर आले.

१९८९ चा त्यांचा ‘फ्लॉप शो’ आपल्यातल्या वयाने मोठ्या मैत्रिणींना आठवत असेल. भाग फक्त दहा, खर्चही बेताचा. निर्मिती त्यांच्या पत्नी सविता भट्टी यांची. बहुतेक भागांत बायकोची भूमिकाही त्यांनीच केली. म्हणजे पैशाचा हिशेबही बाईकडे आणि कॅमेऱ्यासमोरही तीच. आपल्याला हे काही नवीन नाही म्हणा!

मला त्यांची एक गोष्ट फार पटते. लबाड माणसाचं काम ते स्वतः करायचे. कधी सरकारी कंत्राटदार, तर कधी विद्यार्थ्यांकडून घरची कामं करून घेणारा प्राध्यापक. आवाज चढवणं नाही की वेडेवाकडे हावभाव नाहीत. शांत चेहऱ्याने, जणू यात काही चुकीचं नाहीच, अशा थाटात बोलायचे. म्हणून बघणाऱ्याला हसू यायचं आणि टोचायचंही. आपल्या गटांच्या दारूबंदीच्या पथनाट्यात शेवटी एक ताई उपदेश करते आणि नेमकं तेव्हाच लोक उठून जातात. भट्टींनी ती ताई ठेवलीच नसती.

१९९९ मध्ये त्यांनी पोलीस खात्यावर ‘माहौल ठीक है’ हा पंजाबी सिनेमा केला. नंतर विषय घेतला लोडशेडिंगचा. सिनेमाचं नाव ‘पॉवर कट’. विजेच्या इंजिनिअरने विजेच्या टंचाईवर काढलेला सिनेमा! तो २६ ऑक्टोबर २०१२ ला लागायचा होता. त्याच्याच प्रचारासाठी फिरत असताना, आदल्या दिवशी पहाटे, जालंधर जिल्ह्यात शाहकोटजवळ गाडीला अपघात झाला आणि ते गेले. वय सत्तावन्न. २०१३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मभूषण मिळालं.

‘फ्लॉप शो’ आजही मोबाईलवर बघता येतो. हिंदी सोपी आहे. त्यात सरकारी मीटिंगवरही एक भाग आहे. तो मात्र गटाची बैठक संपल्यावर लावा, आधी लावलात तर हप्ते गोळा व्हायचे नाहीत.