बोलेरोत वायरलेस सेट आणि अँटेना बसवण्याचं काम : घुग्घुसमध्ये हा धंदा कसा उभा राहील?

चॅनेलवरच्या व्हिडिओत फिटिंग दाखवलं, पण त्यामागचा हिशोब आणि कायदा सांगायचा राहिला. तो इथे सविस्तर लिहितोय. व्हिडिओ पाहिला नसेल तरी चालेल, पण हे वाचल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका.

घुग्घुसच का? तुमच्या गावाभोवती नजर टाका. वेकोलिच्या वणी क्षेत्राच्या खुल्या खाणी, सिमेंट कारखाना, स्पंज आयर्नचा प्लांट, आणि गडचिरोलीतल्या सूरजागडहून येणारं लोहखनिज. या सगळ्यांच्या मागे कंत्राटदारांच्या बोलेरो, कॅम्पर आणि फोर बाय फोर गाड्या धावतात. खाणीच्या खोल खड्ड्यात मोबाईलची रेंज कधी असते, कधी नसते. तिथे सुपरवायझरला डंपर ऑपरेटरशी बोलायचं असेल तर वायरलेस सेटच लागतो. सेट बंद पडला की गाडी उभी, आणि गाडी उभी राहिली की कंत्राटदाराचा फोन सुरू. नीट फिटिंग करून देणारा माणूस जवळपास सापडला नाही तर तो थेट नागपूरला विचारणा करतो. तुमची संधी इथे आहे.

पण आधी कायदा. हा भाग कंटाळवाणा वाटेल, तरी सोडू नका, कारण इथे चूक झाली तर दुकानच अडचणीत येईल. आपल्या देशात वायरलेस सेट नुसता जवळ बाळगायलासुद्धा परवाना लागतो. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून हे चालत आलंय आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही मोकळं रान दिलेलं नाही. फ्रिक्वेन्सी देण्याचं काम दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा करते, अर्ज सरल संचार पोर्टलवर होतात. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी ताकदीचे हातातले सेट परवान्यातून मोकळे आहेत, पण त्यांची अँटेना सेटलाच जोडलेली असावी लागते. म्हणजे असा सेट घेऊन टपावर मोठी अँटेना लावली की सवलत संपली! ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या सेटबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांसाठी खास मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या उगाच नाही. आणि हॅम रेडिओचा परवाना आहे म्हणून धंद्याचं बोलणं त्यावर करतो, असं कोणी म्हणालं तर तेही चालत नाही. तो छंदासाठी आहे.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. सुरुवातीला सेट विकू नका, साठाही करू नका. त्यासाठी वेगळा डीलर परवाना लागतो. सेट ग्राहकाचा, परवाना ग्राहकाचा, तुमची मजुरी, केबल, माउंट आणि तपासणी. काम घेण्याआधी परवान्याची प्रत मागा आणि तुमच्या फाइलला लावा. "भाऊ, तेवढी फ्रिक्वेन्सी पण टाकून द्या ना," अशी गळ घालणारे भेटतील. परवान्यावर नसलेली फ्रिक्वेन्सी टाकायची नाही, मग गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर. तुमच्या शेजारी पोलिस, वन विभाग, खाण असे सगळेच वायरलेस वापरतात. त्यांच्या बोलण्यात अडथळा आला तर शोध तुमच्यापर्यंत येईल.

आता गाडीकडे वळू. बोलेरोची बॅटरी १२ व्होल्टची. २५ वॉटचा सेट बोलताना साधारण ५ ते ६ अँपिअर ओढतो, ५० वॉटचा १० ते १२. हा करंट सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेतला तर चालेल चालेल आणि ऐन वेळी बंद पडेल. लाईन थेट बॅटरीवरून आणा, आणि पॉझिटिव्ह वायरला बॅटरीजवळ, वीतभर अंतरात, फ्यूज लावा. फ्यूज सेटजवळ लावणारे बरेच ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. मग मधली वायर घासून बॉडीला टेकली तर जाळ होतो आणि फ्यूज आरामात पाहत बसतो. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवाच. नवीन गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवर सेन्सर असतो, तिथे अर्थिंग बॅटरीच्या टोकावर न देता चॅसीच्या बोल्टवर द्या. टिपर आणि ट्रक २४ व्होल्टचे असतात, त्यांना २४ ते १२ चा कन्व्हर्टर लागतो. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढायची युक्ती करू नका, त्या बॅटऱ्या लवकर मरतात.

अँटेना हा या कामाचा जीव. चौथाई लांबीची अँटेना हवी तर ७५ ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. १५० मेगाहर्ट्झला ५० सेंटिमीटर, प्रत्यक्षात थोडी कमी. ही अँटेना अर्धी रॉडमध्ये आणि अर्धी खालच्या पत्र्यात असते, असं समजा. म्हणून टपाचा मधला भाग सगळ्यात उत्तम. कॅनव्हासच्या टपाच्या जिप्सीत तो पत्राच नाही, तिथे बोनेटच्या बाजूला ब्रॅकेट लावावं लागतं आणि रेंज एका बाजूला थोडी कमी मिळते. हे ग्राहकाला आधीच सांगा.

चुंबकाचा माउंट पटकन बसतो, छिद्र पाडावं लागत नाही, म्हणून गिऱ्हाईक तोच मागतं. आपल्या भागात मी तो सुचवत नाही. चुंबकाखाली कोळशाची धूळ अडकून रंग घासला जातो, आणि स्पंज आयर्नच्या प्लांटमध्ये तर लोखंडी भुकटीच त्याला दाढीसारखी चिकटते. त्यात हॉल रोडचे हादरे. छिद्राचा माउंट घ्या. आतलं अस्तर आधी उतरवा, छताच्या आतल्या बाजूचा रंग माउंटपुरता खरवडून घ्या म्हणजे अर्थ मिळेल, आणि बाहेरून रबर वॉशर आणि सीलंट. पावसाळ्यात छत गळलं तर गाडीमालक तुमचं नाव गावभर करतो, वाईट अर्थाने. केबल ५० ओमची हवी, टीव्हीची ७५ ओमची चालत नाही. कनेक्टरमध्ये जाळीचा एक तार जरी मधल्या तारेला शिवला तरी काम गेलं.

एक गोष्ट खाणीची खास. हलक्या गाड्यांवर उंच काठीला झेंडा असतो, डंपरवाल्याला दिसावा म्हणून. काही जण तो झेंडा अँटेनालाच बांधतात. अँटेना वाकते आणि काही दिवसांत मुळाशी तुटते. झेंड्याची काठी वेगळी, आणि अँटेनापासून दूर.

फिटिंग झालं की एसडब्ल्यूआर मीटर लावा. हा मीटर नसेल तर हा धंदा सुरूच करू नका. १.५ च्या खाली आकडा उत्तम, २ च्या वर गेला तर दोष शोधा, ३ च्या वर बटण दाबूच नका, सेटचा शेवटचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. परवान्यातल्या सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या फ्रिक्वेन्सीवर मोजा. वर आकडा जास्त आला तर रॉड लांब आहे, थोडा थोडा कापा. खाली जास्त आला तर रॉड आखूड झालाय, नवा घ्या. कापलेलं परत जोडता येत नाही!

खाणीत चाचणी घेताना ब्लास्टिंगची वेळ विचारून घ्या. इलेक्ट्रिक डेटोनेटर जवळ असताना रेडिओ चालू करणं जिवाशी खेळ आहे. खाण व्यवस्थापन जितकं अंतर सांगेल तितकं पाळायचं, घाई असली तरी.

दराचं काय? बाजार गावोगावी वेगळा, म्हणून पद्धत सांगतो. समजा तुम्हाला एका गाडीला ४ तास लागतात आणि तुमचा तासाचा दर २०० रुपये धरला, तर मजुरी ८००. त्यात केबल, माउंट, फ्यूज होल्डर यांची खरी किंमत आणि साइटवर जाण्याचं पेट्रोल मिळवा. मग सहा महिन्यांत एकदा फुकट तपासणी द्यायची असेल तर तो तासही आत्ताच धरा. बरेच जण इथेच तोट्यात जातात. दहा-बारा गाड्या असलेला कंत्राटदार वार्षिक देखभाल करार देऊ शकतो, धूळ आणि हादऱ्यांमुळे कनेक्टर ढिले होतातच.

बिलासोबत एक कागद द्या. त्यावर गाडीचा नंबर, सेटचा सिरियल नंबर, फ्यूज किती अँपिअरचा, दोन्ही टोकांचे एसडब्ल्यूआर आकडे, तारीख आणि ग्राहकाची सही. पुढे "तुम्ही बसवलं तेव्हापासूनच खराब आहे" असं कोणी म्हणालं, तर मीटर लावून नवा आकडा काढा आणि तो जुन्या कागदाशेजारी ठेवा.